हिमालयातली ट्राउट शेती: आधी पाणी मोजा, मग सिमेंट आणा

वीस लिटरची बादली, मोबाईलमधलं स्टॉपवॉच आणि अर्ध्या अंशाचा फरक दाखवणारा एक थर्मामीटर. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पाळायचं मनात आलं की पहिलं वर्ष एवढ्याच सामानावर काढा, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण तो बीज, म्हणजे माशांची पिल्लं, कुठे मिळतं आणि अनुदान किती आहे हे विचारायला आलेला असतो. पण मी पाहिलेले बंद पडलेले फार्म बियाणं वाईट निघालं म्हणून क्वचितच बंद पडले. बहुतेक ठिकाणी पाणी कमी पडलं, गरम झालं, नाहीतर एका रात्रीत चिखल होऊन आलं.

मी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, कोळंबीच्या तळ्यांवर काम केलं आणि नंतर कुल्लू खोऱ्यात आलो. इथल्या एका कुटुंबाबरोबर भागीदारीत ट्राउट काढतो. हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचलमध्ये नोकरीनिमित्त राहिलेले, किंवा तिथल्या गावकऱ्यांबरोबर काम करणारे बरेच मराठी लोक या मार्गाकडे बघत असतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मासा कोणता

शेतीसाठी इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजेच रेनबो ट्राउट. अंगावर काळे ठिपके आणि बाजूनं गुलाबी पट्टा. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूच्या नद्यांमधला आणि रशियातल्या कामचात्काचा. दुसरा ब्राउन ट्राउट, युरोपातला. तो इथल्या नद्यांमध्ये गळ टाकणाऱ्यांसाठी सोडला गेला, पण कोंडून पाळायला अवघड आणि वाढीला संथ. भारतात ट्राउट आणला इंग्रजांनी. काश्मीरला पाठवलेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच वाया गेली आणि १९०० मध्ये दुसरी नीट पोचली. फ्रँक मिचेल या श्रीनगरमधल्या माणसानं ती वाढवली. कुल्लूत १९०९ च्या सुमारास सुरुवात झाली. खाण्यासाठी व्यवस्थित शेती मात्र बरीच नंतरची. नॉर्वेच्या मदतीनं कुल्लूजवळ पतलीकुहलला सरकारी फार्म आणि खाद्याचा कारखाना उभा राहिला, आणि मग ती खासगी शेतकऱ्यांपर्यंत पोचली.

या माशाला १० ते १६ अंश सेल्सियसचं पाणी मानवतं. ४-५ अंशांना तो जगतो पण जवळजवळ खात नाही. १८ च्या वर गेलं की अस्वस्थ होतो, २० च्या वर खाद्य बंद करावं लागतं, आणि त्यापुढे दोन-तीन अंशांत मरतुक सुरू होते.

महाबळेश्वरला जमेल का?

नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर आकड्यांनिशी देतो. दक्षिणेत ट्राउट टिकला तो निलगिरीच्या आणि मुन्नारच्या माथ्यावर, साधारण १८०० मीटरच्या वरच्या, शोला जंगलाच्या सावलीतल्या ओढ्यांमध्ये. महाबळेश्वर आहे सुमारे १३५० मीटरवर. आपलं सर्वात उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटर, आणि त्यावर बारमाही ओढा नाही. सह्याद्रीतलं पाणी हिवाळ्यात गार असतं हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये ते एक तर आटतं किंवा तापतं. ट्राउटला वर्षातले दहा महिने चांगलं पाणी पुरत नाही, बारा महिने लागतं. चिलर लावून, पाणी फिरवून, गाळून मैदानातही हा मासा वाढवता येतो. मात्र ते विजेच्या बिलावर चालणारं कारखान्याचं काम आहे आणि त्याची गणितं वेगळी आहेत. या लेखात ती नाहीत.

वर्षभराची वही

जागा नजरेत भरली की दर आठवड्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, दोन वेळा पाण्याचं तापमान घ्या: पहाटे सहाला आणि दुपारी तीनला. दुपारचा आकडा जास्त महत्त्वाचा. मे-जूनमध्ये आणि पावसाआधीच्या उघड्या दिवसांत आठवड्यातून तीनदा घ्या.

प्रवाह मोजायला, पाणी एका पाइपातून किंवा पन्हळीतून पडतं केलं की बादली किती सेकंदांत भरते ते बघायचं. वीस लिटरची बादली चार सेकंदांत भरली, तर सेकंदाला पाच लिटर. मोठा नाला असेल तर दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, सुकं लाकूड सोडून वेग काढा, रुंदी आणि सरासरी खोलीनं गुणा आणि आलेल्या उत्तराचे ऐंशी टक्केच खरे धरा, कारण तळाशी पाणी हळू वाहतं.

पाण्याचा उगम ओळखणं इथे फार कामाला येतं. बर्फाच्या पाण्यावर चालणारे नाले उन्हाळ्यात फुगतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत सर्वात बारीक होतात. झऱ्याचे नाले उलट, मे-जूनमध्ये आटतात, नेमके ऊन तापलेलं असताना. म्हणून ऑक्टोबरात बघितलेल्या भरपूर पाण्यावर कुणी जमिनीचा व्यवहार करू नये. वहीतला सर्वात लहान आकडा हाच तुमचा आकडा. आणि तोही सगळा तुमचा नाही. खालच्या शेतांच्या कुहली (पाटाचं पाणी), एखादा घराट (पाणचक्की), गावाची पिण्याची पाइपलाइन यांचा वाटा आधी वजा करा.

झऱ्याच्या पाण्याबद्दल आणखी एक. उगमापाशी ते गार आणि स्वच्छ असतं, पण जमिनीखालून आल्यामुळे त्यात ऑक्सिजन कमी आणि नायट्रोजन जास्त विरघळलेला असू शकतो. तसंच थेट सोडलं तर माशांच्या डोळ्यांत आणि परांमध्ये हवेचे बुडबुडे धरतात. भोकं पाडलेल्या पत्र्यावरून किंवा दगडांच्या दोन-तीन पायऱ्यांवरून पाणी आपटत आणलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

ऑक्सिजनचं गणित

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

समुद्रसपाटीला १० अंशांचं पाणी लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं. २० अंशांना ९.१. उंची वाढली की हवेचा दाब घटतो आणि ही क्षमताही घटते. २००० मीटरवर १० अंशांच्या पाण्यात जेमतेम ८.८ मावतो. "एवढं थंड पाणी, ऑक्सिजनला काय कमी?" असं लोक म्हणतात. कमी असतो. डोंगर त्यातला पाचवा हिस्सा आधीच काढून घेतो.

आता समजा तुमच्या रेसवेत, म्हणजे मासे वाढवायच्या वाहत्या हौदात, पाणी शिरताना ८.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे. बाहेर पडताना तो ६ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणजे माशांना वापरायला लिटरमागे २.५ मिलिग्रॅम. सेकंदाला ५ लिटर पाणी म्हणजे दिवसाला ४,३२,००० लिटर. गुणाकार केला तर दिवसाला १ किलो ८० ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. ट्राउट एक किलो खाद्य पचवायला साधारण पाव किलो ऑक्सिजन वापरतो असं धरा. मग या पाण्यावर दिवसाला सव्वाचार किलो खाद्य देता येईल. मोठे मासे वजनाच्या एक टक्का खातात, म्हणजे हे पाणी सव्वाचारशे ते साडेचारशे किलो मासे पोसेल. एक टन मासे पाहिजेत तर सेकंदाला दहा-बारा लिटर पाणी हवं.

हे दिवसाचं सरासरी गणित आहे. खाल्ल्यानंतरचे दोन-चार तास माशांचा श्वास वाढलेला असतो, तेव्हा बाहेरच्या टोकाचा ऑक्सिजन सरासरीच्या खाली जातो. ऑक्सिजन मीटर परवडत असेल तर घ्या, नाहीतर रसायनांची तपासणी पेटी घ्या, आणि मोजमाप दुपारच्या खाद्यानंतर तीन तासांनी, शेवटच्या जाळीपाशी करा. पहाटे पाणी शिरतं तिथे मोजून ९ आला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

पाण्याचा सामू (पीएच) साडेसहा ते आठच्या दरम्यान असावा. तो साडेआठकडे सरकायला लागला की माशांच्या विष्ठेतला अमोनिया अधिक विषारी रूपात जातो. पाणी एकदाच वापरून सोडून देणाऱ्या फार्मवर हा प्रश्न सहसा येत नाही. तेच पाणी खालच्या तिसऱ्या-चौथ्या रेसवेत पुन्हा वापरलं की येतो.

जमीन आणि कागद

हिमाचलमध्ये १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ आहे. हिमाचलचा शेतकरी नसलेल्या माणसाला तिथली जमीन सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि भाडेपट्टाही त्यातून सुटत नाही. तुमच्या नावावर साताऱ्याला दहा एकरांचा सातबारा असला तरी हिमाचलच्या लेखी तुम्ही शेतकरी नाही. इतर डोंगरी राज्यांतही आपापले निर्बंध आहेत. कुणी "कागद मी बघतो" म्हणालं तर तिथून निघून या. ज्यांची जमीन आणि पाणी आहे त्या कुटुंबाला मालक राहू देऊन, स्वच्छ लिखापढी करून आपलं काम आणि भांडवल त्यात घालणं, हा मला सरळ वाटलेला मार्ग. तोही गावातल्या वकिलाला दाखवून. पाण्यासाठी ग्रामपंचायत आणि संबंधित पाणी खातं यांचा होकार कागदावर घ्या.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत रेसवे बांधायला आणि पहिल्या वर्षाच्या बीज-खाद्याला मदत मिळत आली आहे: सर्वसाधारण गटाला मंजूर खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. चालू वर्षाचे नियम जिल्हा मत्स्य कार्यालयात विचारा. पण अनुदान कामानंतर हप्त्यानं येतं, तोवर पैसे आपले लागतात. प्रशिक्षण मात्र चुकवू नका. उत्तराखंडात भीमतालला भारतीय कृषी संशोधन परिषदेची शीतजल मत्स्य संशोधन संस्था आहे, तिचं चंपावतला प्रायोगिक केंद्र आहे, आणि राज्य सरकारांच्या फार्मवरही शिकायला मिळतं. आठ दिवस हातात जाळं धरून काम केलेलं, तीन महिने व्हिडिओ बघण्यापेक्षा उपयोगी.

रेसवे बांधताना

ट्राउट तळ्यात नाही, लांबट वाहत्या हौदात वाढवतात. त्याला रेसवे म्हणतात. सुरुवातीला १५ मीटर लांब, २ मीटर रुंद, दीड मीटर उंच भिंतींचा एक पुरे. पाणी एक मीटर ठेवलं तर तीस घनमीटर, म्हणजे तीस हजार लिटर.

जागा नाल्याच्या पातळीपासून उंच आणि पुराच्या जुन्या खुणांच्या बाहेर हवी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नाला कुठपर्यंत आला होता ते त्यांना आठवत असतं. २०२३ च्या जुलैत बियासला आलेल्या पुरानं कुल्लू-मंडीतल्या अनेक ट्राउट फार्मांचं मोठं नुकसान केलं. काठावरची सपाट, सोयीची जमीन नदीनंच केलेली असते, आणि ती नदी पुन्हा मागू शकते.

पाणी नाल्यातून थेट रेसवेत घेऊ नका. मध्ये गाळ बसायला एक टाकी लागते, जिथे पाणी मंदावेल आणि रेती खाली बसेल. टाकीच्या तळाला गाळ सोडायची झडप ठेवा. टाकीच्या तोंडाशी दोन जाळ्या, एक काड्या-पानांसाठी मोठ्या भोकांची, दुसरी बारीक. नाल्यातलं पाणी पूर्ण तोडता येईल अशी फळीही तिथेच. रेसवेच्या तळाला एक ते दोन टक्के उतार द्या. शेवटच्या दोन मीटरांच्या अलीकडे जाळी लावून तो भाग मासे नसलेला, शांत ठेवा, म्हणजे विष्ठा तिथे जमते आणि तळाच्या नळीतून काढता येते. एका रेसवेतून दुसऱ्यात पाणी नेताना मध्ये फूट-दीड फुटाची उडी ठेवा, पडताना पाणी पुन्हा हवा धरतं.

सेकंदाला पाच लिटर पाणी या दोन मीटर रुंद हौदात एक सेकंदात पाव सेंटीमीटर पुढे सरकतं. इतक्या मंद प्रवाहात घाण आपोआप वाहून जात नाही. म्हणून लांब दांड्याचा ब्रश लागतो, आणि रोज लागतो. रुंद, ऐसपैस हौद बांधायचा मोह होतो, पण अरुंद हौद कमी पाण्यात स्वच्छ राहतो.

नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि सामू चढतो. बांधून झाल्यावर दोन-तीन आठवडे पाणी वाहतं ठेवा, मग एक-दोन डझन मासे सोडून दोन दिवस बघा, नंतर बाकीचे.

बीज आणणं

माद्या थंडीत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अंडी देतात, किलोभर वजनामागे दीड-दोन हजार. ती हातानं दाबून काढतात, त्यावर नराचं वीर्य कोरडंच मिसळतात आणि मग पाणी घालतात. १० अंशांच्या पाण्यात महिनाभरात पिल्लं फुटतात. हे वाचायला सोपं वाटतं, पण नव्या माणसानं पहिली तीन-चार वर्षं उबवणीच्या नादी लागू नये. ३ ते ५ ग्रॅमची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत घ्या.

चौरस मीटरला पन्नास, म्हणजे आपल्या तीस चौरस मीटरच्या रेसवेत दीड हजार. पंधरा टक्के मरतुक धरली आणि बाकीचे २८० ग्रॅमचे झाले, तर साडेतीनशे किलोच्या आसपास मासे निघतात. वर पाच लिटर पाण्याचं गणित केलं त्यात हे आरामात बसतं, आणि पहिल्या वर्षी तो आराम हवाच.

बीज घेताना उबवणी केंद्रावर स्वतः जा. बोटुकली प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून पोहताना दिसली पाहिजे. काठाला, जाळीला टेकून राहिलेली, काळवंडलेली, गोल गोल फिरणारी असतील तर गाडी रिकामी परत आणा. सगळं बीज एकाच केंद्रातून घ्या. दोन ठिकाणचं मिसळलं की रोग कुठून आला ते कधीच कळत नाही. निघण्याआधी माशांना एक दिवस उपाशी ठेवलेलं असावं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांभोवती बर्फ असावा आणि प्रवास पहाटेच्या आत संपावा. पोचल्यावर पिशवी बंदच वीस मिनिटं रेसवेत तरंगत ठेवा, मग तोंड उघडून हळूहळू आपलं पाणी आत घाला. मासे आपणहून बाहेर येतात. पिशवीतलं पाणी शक्यतो रेसवेत ओतू नका.

खाद्य

खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग इथे जातो, आणि फायदा-तोट्याचा निकालही इथेच लागतो. ट्राउट मांसाहारी आहे. लहान बोटुकलीला ४५ ते ५० टक्के प्रथिनांचं, मोठ्या माशांना ४० ते ४५ टक्क्यांचं खाद्य लागतं. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, जी रोहू-कटलाला चालते, ती इथे चालत नाही.

किती खाद्यात किती मासा, हे गुणोत्तर रोज डोक्यात ठेवा. दीड किलो खाद्यात एक किलो मासा हा इथल्या साध्या फार्मवर ठीक. चांगलं खाद्य आणि लक्ष असेल तर ते १.२ पर्यंत उतरतं. समजा खाद्य किलोला १५० रुपये पडलं, तर दीडच्या गुणोत्तरानं किलो माशात २२५ रुपयांचं खाद्य गेलं आणि १.२ नं १८० चं. साडेतीनशे किलोंवर हा फरक पंधरा हजारांहून जास्त होतो. स्वस्त, भुगा झालेलं खाद्य घेऊन हा फरक कमावता येत नाही. तो जातो.

बोटुकलीला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, वजनाच्या तीन-चार टक्के. शंभर ग्रॅमच्या पुढे दोन-तीन वेळा, १२ अंशांना दीड टक्का. मग हळूहळू एक टक्का. पाणी ६ अंशांवर आलं की निम्मं करा, ४ च्या खाली दोन दिवसांतून एकदा चिमूटभर. सर्वात महत्त्वाचं म्हणजे खाद्य हातानं टाका आणि बघत राहा. पहिल्या मुठीला पाणी उसळलं पाहिजे. उसळी मंदावली की हात आखडता घ्या, तक्ता काहीही म्हणो. जे खाद्य तळाला गेलं ते ट्राउट सहसा उचलत नाही, ते सडतं आणि तुमचाच ऑक्सिजन खातं. मासे अचानक खायचे थांबले तर खाद्याला दोष देण्याआधी थर्मामीटर बुडवा.

दर पंधरा दिवसांनी पन्नास-साठ मासे हातजाळ्यानं काढून बादलीत वजन करा, सरासरी काढा आणि खाद्याचा आकडा सुधारा. महिना-दीड महिन्यानं वर्गवारी करा, मोठे एकीकडे आणि छोटे दुसरीकडे. एकच रेसवे असेल तर मध्ये जाळी टाकून. मोठे मासे छोट्यांना खाऊ देत नाहीत आणि संधी मिळाली तर छोट्यांनाच खातात. वर्गवारीआधी एक दिवस उपास, हात ओले, आणि काम सकाळच्या गारव्यात.

वर्षभर १०-१४ अंश असतील तर बारा ते चौदा महिन्यांत अडीचशे-तीनशे ग्रॅमचा मासा होतो. हिवाळा कडक असेल तर सोळा-अठरा महिने धरा आणि तशीच पैशांची तरतूद ठेवा.

पानं, चिखल आणि एक रात्र

ऑक्टोबरात इथे झाडं एकदम पानं टाकतात. माझ्या दुसऱ्या वर्षी एका वादळी रात्री टाकीची बारीक जाळी पानांनी गच्च भरली आणि पाणी बाजूनं वाहून गेलं. संध्याकाळी शेवटचं खाद्य थोडं जास्तच दिलं होतं. पहाटे गेलो तेव्हा हौदात पाणी होतं, पण प्रवाह नव्हता, आणि विक्रीला आलेले बहुतेक मासे तळाला पांढरे पडले होते. त्या कुटुंबातल्या आजी तिथेच पायरीवर बसून राहिल्या, त्यांची नात त्या पैशांवर नर्सिंगला जायची होती. तिचं एक वर्ष त्यात गेलं. मला ते अजून टोचतं.

प्रवाह बंद पडला तर हातात किती वेळ असतो ते नंतर बसून मांडलं. तीस घनमीटरमध्ये साडेतीनशे किलो मासे उपाशीपोटी असतील तर दीडेक तास. नुकतेच खाल्लेले असतील तर तासाच्या आत. आणि रेसवेत टनभर मासे भरले असतील तर वीस-पंचवीस मिनिटं. तेव्हापासून तीन गोष्टी केल्या. शेवटचं खाद्य दुपारी चारच्या आत. टाकीत पातळी घसरली की घरात घंटा वाजेल असा बॅटरीवरचा तरंगता स्विच. आणि पानगळीत व पावसाळ्यात रात्री दोनदा फेरी, पाळीनं. घंटेला काही शे रुपये लागले.

पावसाळ्यातला गाळ कल्ल्यांमध्ये चिकटतो आणि श्वास कोंडतो. पाणी गढूळ व्हायला लागलं की खाद्य ताबडतोब बंद. शंभर ग्रॅमच्या पुढचा ट्राउट आठवडाभर उपास सहज काढतो, आणि उपाशी माशाला ऑक्सिजन कमी लागतो. मोठा लोंढा येतो तेव्हा फळी टाकून नाल्याचं पाणी थोडा वेळ तोडा, पण वर दिलेली वेळ विसरू नका. जवळ एखादा बारीक झरा असेल तर त्याची वेगळी पाइपलाइन या दोन महिन्यांसाठी आणून ठेवा. मला विचाराल तर दुसरा रेसवे बांधण्याआधी तो खर्च करावा.

आजार

कापसासारखी पांढरी बुरशी बहुतेक वेळा जखमेवर येते, आणि जखम आपल्याच खडबडीत जाळ्यानं किंवा घाईच्या वर्गवारीनं झालेली असते. मीठ हे पहिलं औषध: शंभर लिटर पाण्यात एक किलो साधं मीठ, दहा-पंधरा मिनिटं, समोर उभं राहून. मासा कलंडायला लागला की लगेच ताज्या पाण्यात. पर झिजणं, कल्ले फिके पडणं, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडणं यामागे निम्म्या वेळा गर्दी किंवा कमी पाणी असतं, तिथे औषधानं काही होत नाही. मेलेला मासा रोज काढा, मोजा, वहीत लिहा, लांब चुना घालून पुरा. सलग तीन दिवस संख्या वाढली तर नमुने घेऊन मत्स्य खात्याकडे जा. दुकानदारानं दिलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं पाण्यात ओतू नका, ते खालच्या गावाच्या पाण्यात जातं.

पाणी परत देताना

ट्राउट शेती टिकाऊ आहे का, याचं उत्तर फार्मच्या शेवटच्या पाइपाशी मिळतं. शांत भागातली विष्ठा आणि उरलेलं खाद्य दररोज काढून एका खड्ड्यात घ्या, बसू द्या, सुकवा आणि सफरचंदाच्या बागेत टाका. फॉस्फरस झाडाला मिळतो, नाल्याला नाही. खाली पाणी स्वच्छ गेलं तर गाव तुमच्या बाजूनं उभं राहतं.

दुसरी काळजी पळून जाणाऱ्या माशांची. या नद्यांचा मूळचा मासा असेला, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात पण तो ट्राउट नव्हे. परक्या ट्राउटनं त्याची जागा आणि खाद्य दोन्ही बळकावलं आहे. बाहेरच्या टोकाला दोन जाळ्या लावा, एक काढून धुताना दुसरी जागेवर राहील अशा. आणि उरलेलं बीज "नदीत सोडून देऊ" असं कधीही करू नका.

खाद्यातल्या मासळीच्या कुटीचा (सुकवून दळलेल्या माशांचा) प्रश्न राहतोच. ट्राउटला वाढवायला समुद्रातले छोटे मासे लागतात. कोकणात वाढलेल्या माणसाला तारली कुटीत जाताना बघवत नाही. मासे साफ करताना उरलेल्या भागांपासून केलेली कुटी आणि सोयाबीन यांचं प्रमाण वाढवलेलं खाद्य मिळत असेल तर ते घ्या, आणि गुणोत्तर खाली आणा. दीडवरून सव्वावर येणं हाच छोट्या शेतकऱ्याच्या हातातला उपाय.

काढणी आणि ताट

काढणीआधी एक-दोन दिवस उपास, म्हणजे आतडी रिकामी होतात आणि मास जास्त टिकतं. मासा तडफडत मेला की मास लवकर मऊ पडतं. डोक्यावर एक नेमका घाव घालून लगेच बर्फाच्या पाण्यात. पोट साफ केल्यावर वजनाच्या ऐंशी-पंचाऐंशी टक्के उरतं, दर ठरवताना हे धरा. माशाइतकाच बर्फ घालून थर्माकोलच्या पेटीत रात्रीच्या बसनं दिल्लीपर्यंत माल नीट जातो. पण पहिल्या वर्षी आसपासची हॉटेलं आणि गावच पुरे. कोण किती घेणार हे बीज सोडण्याआधीच विचारून ठेवा.

शंभर ग्रॅम ट्राउटमध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात, ब१२ आणि ड जीवनसत्त्व असतं, आणि समुद्री माशांतली ओमेगा-३ स्निग्धाम्लं खाद्याच्या दर्जानुसार अर्धा ते एक ग्रॅम. मुंबईतल्या वाचकाला मी यासाठी ट्राउट मागवायला सांगणार नाही. तुमच्या बाजारातला बांगडा आणि तारली या बाबतीत तितकेच चांगले आणि कितीतरी स्वस्त आहेत. पण समुद्रापासून हजार किलोमीटरवरच्या, हिवाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या गावात ताजा मासा म्हणून हाच आहे. आमच्याकडे दर काढणीत कमी वजनाचे मासे गावातच कमी दरानं देतो. लहान मुलांच्या घरांना आधी. याचे खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. मीठ, हळद, कोकमाचं आगळ, वरून रवा, आणि मंद आचेवर तवा.

रेसवे रिकामा झाला की घाईनं पुढचं बीज आणू नका. भिंती ब्रशनं घासा, चुना फिरवा, जाळी आणि हातजाळी मिठाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवा, तडे बुजवा. आठवडाभर हौद कोरडा तापू द्या, मग पाणी सोडा आणि थर्मामीटर पुन्हा दोरीला बांधा.